कोपऱ्यावरची धवलारीण

बाबांना सुक्या बोंबलाच्या वासाचा तिटकारा होता आणि ठमाबाईबद्दल माया होती. दोन्ही गोष्टी आमच्या दुकानाच्या दारातच येऊन बसल्यामुळे त्यांची आयुष्यभर पंचाईत झाली. सकाळी दुकान उघडलं की ते नाकाला रुमाल लावायचे आणि म्हणायचे, "ठमाबाई, आज वारा आमच्याकडे आहे हो."

"वारा काय माझ्या घरचा हाय, शेठ?" ती बसल्या जागेवरून उत्तर द्यायची. मग बाबा तिला चहा पाठवायचे. असं वर्षानुवर्षं चाललं.

भिवंडीच्या जुन्या बाजाररस्त्यावर आमचं वह्या-पाट्यांचं दुकान. रस्ता तिथून वळून खाली खाडीकडे उतरतो आणि बरोबर त्या वळणावर, आमच्या पत्र्याच्या सावलीत, ठमाबाईची जागा. बोंबील, जवळा, वाकट्या, मोसमात थोडी भाजी. खारबावहून टेम्पोने यायची, उन्हं कलली की जायची. अंगाने सडपातळ, कपाळावर रुपयाएवढं गोंदण, आवाज मात्र असा की रस्त्याच्या त्या टोकाला यंत्रमागांचा खडखडाट चालू असला तरी तिने कुणाला हाक मारली की तो माणूस वळून बघणारच.

त्या आवाजावरच तिचा दुसरा मान होता. ठमाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी आला तर आला, नाही आला तर कुणाचं अडत नाही. पण धवलारीण हवीच. मांडव उभा राहण्यापासून नवरी उंबरा ओलांडेपर्यंत प्रत्येक विधीला तिचे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, लागतात. ती गात नाही तोवर हळदीला कुणी हात लावत नाही. लग्न ठरलं की मुलीकडचे तिच्या घरी सुपारी घेऊन जातात. तिने सुपारी उचलली म्हणजे ती त्या लग्नाला बांधली गेली.

जागा आणि धवले, दोन्ही तिला सासूकडून आलेलं. सासू हौसा, या कोपऱ्यावर बसणारी पहिली बाई आणि पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. ठमाबाईचा नवरा रेतीच्या होडीवर होता. एका भरतीला होडी आली, तो आला नाही. तेव्हा मुलगी मांडीवर होती. हौसाने तेरावं उरकलं, सुनेच्या डोक्यावर टोपली दिली आणि बाजारात आणून स्वतःशेजारी बसवलं. "रडायचं तर माल इकताना रड," एवढंच म्हणाली, असं ठमाबाई मला सांगायची. सांगताना हसायची. मला त्या हौसाचा फार राग यायचा. पण त्याच म्हातारीने रोज संध्याकाळी सुनेला एकेक धवला शिकवला, हेही खरं. माणसांवर धड रागावताही येत नाही.

आता रस्त्याविषयी सांगते. माझ्या लहानपणी हा रस्ता म्हणजे भिवंडीची बाजारपेठ. गावागावांतून लोक यायचे, लग्नाचे बस्ते इथेच बांधले जायचे. नंतर शहर वाढलं, पण दुसऱ्याच बाजूने. हमरस्त्याच्या नाक्यांवर नवी दुकानं झाली, राहनाळकडे गोदामं झाली. चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर तर दिवेलागणीनंतर इकडे कुणी फिरकेना. उघडं गटार रस्त्याच्या मधोमध यायचं. गिऱ्हाईक यायचं ते साडी वर धरून, आणि साडी वर धरलेली बाई किती वेळ भाव करणार?

नव्वद साली नगरपालिकेने ठरवलं की जुना बाजाररस्ता पुन्हा उभा करायचा. गटार बंदिस्त, रस्त्याला फरशी, दुतर्फा दिवे आणि खाली बसणाऱ्या बायकांसाठी पत्र्याच्या शेडखाली सिमेंटचे ओटे. मी विश्वास ठेवला नाही. आमच्याकडे योजना पुष्कळ होतात आणि त्यांचे नारळ त्याहून पुष्कळ फुटतात. पण या वेळी खरंच निधी मंजूर झाला. केसरीनाथ नावाचे आमच्या भागाचे नगरसेवक त्यामागे हात धुऊन लागले होते. मूळचे राहनाळचे, गोदामांच्या भाड्यावर सुखी झालेले, पण लहानपणी आईच्या पदराला धरून याच बाजारात आलेले. त्यांना हा रस्ता मनापासून हवा होता. मी ते नाकारणार नाही.

ओटे कुणाला, हा प्रश्न आला. लगेच ज्याच्या त्याच्या मेहुण्या-वहिन्या भाजीवाल्या झाल्या. ते थांबवायला नगरपालिकेने नियम केला: ठाण्याहून एका खासगी कंपनीची माणसं येऊन मोजणी करतील. त्या दिवशी जी बाई माल घेऊन जागेवर बसलेली दिसेल तिचं नाव लिहिलं जाईल, तिला ओटा मिळेल. बाकी कुणाची शिफारस चालणार नाही. आणि रस्ता झाला की खाली जमिनीवर बसायला कायमची मनाई. जो बसेल त्याचा माल गाडीत जाईल.

नियम चांगल्या हेतूने केला होता. फक्त मोजणीची तारीख लागली ती मे महिन्यातली, आणि त्याच दिवशी राहनाळला हळद होती. केसरीनाथांच्याच मुलीची. त्या लग्नाची सुपारी ठमाबाईने माघातच उचलली होती.

ठमाबाईच्या घरी दुसरं माणूस नव्हतं. मुलगी काशी वसईला दिलेली, तिकडे बाळंतीण. इतर बायका लग्नाला जाणार होत्या त्यांनी जागेवर सुना-मुली बसवायच्या ठरवल्या. ठमाबाईकडे बसवायला कोण?

"मी बसते तुमच्या जागी," मी म्हटलं. मी शिकवायची त्या शाळेला सुट्टी होती.

ती हसली. "तू? लुगडं नेसशील का? आनि त्या मानसानं इचारलं, बाय, ही वाकटी काय भाव, तर?"

"सांगीन काहीतरी."

"त्या काहीतरीनंच माझा ओटा जाईल."

मला राग आला, कारण ते खरं होतं. सगळा बाजार मला मास्तरीण म्हणून ओळखत होता.

मी तिला घेऊन केसरीनाथांकडे गेले. ते मांडववाल्याशी बोलत होते. त्यांनी आम्हाला बसवलं, सरबत दिलं आणि सगळं ऐकून डोक्याला हात लावला. "सुचेताताई, माझ्या ध्यानातच आलं नाही. पण तारीख आता हलत नाही. ती माणसं एकाच दिवसासाठी येणार. पावसाआधी गटाराचं काम सुरू झालं नाही तर निधी परत जाईल. मग ना ओटा, ना रस्ता."

"मग माझं काय?" ठमाबाईने विचारलं.

केसरीनाथांनी जरा विचार केला. मग हात जोडले. "ठमाबाय, तू मोकळी. सुपारी मी परत घेतो, राग न्हाय, लोभ न्हाय. दुसरी धवलारीण आणतो. तू जागेवर बस."

आता हिचा ओटा जाणार नाही, असं मला वाटलं. ठमाबाई मात्र उठली आणि पदर सावरत म्हणाली, "पोरीच्या आयशीचं लगीन मी लावलं. पोरीचंबी मीच लावीन. सुपारी परत जात न्हाय, शेठ."

रस्त्यात मी तिच्याशी भांडले. भर बाजारात, मोठ्याने. म्हटलं, मावशी, तो माणूस स्वतःहून सोडतोय, लग्नघरालाही राग नाही, मग हा हट्ट कुणासाठी? ती चालत राहिली. माझं बोलून संपल्यावर म्हणाली, "जानकीसाठी."

इथे जानकीबाईची गोष्ट सांगायला हवी. कोन गावची जानकीबाई, बाजारात ठमाबाईच्या उजव्या हाताला बसणारी. जाड, तापट, तोंडाने फटकळ. दोघींची इतकी वर्षं दाट मैत्री, एकीच्या डब्यातली भाकरी दुसरीच्या हातात. दोन वर्षांपूर्वी जानकीबाईच्या एकुलत्या मुलाचं लग्न ठरलं. ठमाबाईच धवले गाणार, हे जानकीने इतकं गृहीत धरलं होतं की सुपारी द्यायलाही उशिरा गेली. तोवर ठमाबाईने त्याच दिवसाची दुसरी सुपारी उचललेली. एका गरीब घरची, बाप नसलेल्या पोरीची. जानकी म्हणाली, परत दे. ठमाबाई म्हणाली, सुपारी परत जात नाही. जानकीने हात धरले, रडली, शेवटी शिव्या दिल्या. ठमाबाई बधली नाही. त्या दिवसापासून हातभर अंतरावर बसून दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. सुट्टे पैसे हवे झाले तर जानकीबाई उठून आमच्या दुकानात यायची, पण शेजारी मागायची नाही.

"तवा तिला न्हाय म्हनलं," ठमाबाई म्हणाली, "आनि आता माझ्या ओट्यासाठी परत केली, तर मंग तवा का न्हाय केली? जानकी इचारेल. तोंडानं न्हाय इचारनार, पन इचारेल."

मी नुसती धुमसत घरी गेले.

आता बाजाराची रीत अशी होती. कुणा बाईला यायला जमणार नसेल, घरात सुतक असेल, बाळंतपण असेल, तर ती आपली रिकामी टोपली उजव्या हाताच्या शेजारणीकडे द्यायची. शेजारणीने ती दुसऱ्या दिवशी त्या जागेवर पालथी घालायची. पालथी टोपली दिसली की तिथे कुणी बसत नसे. कुणी विचारलंच, तर शेजारणीने म्हणायचं, "हाय ती." नाही म्हणायचं नाही, गेली म्हणायचं नाही. टोपली घेतली की ती जागा राखायची, मग काही होवो. आणि बाजारात कुणी टोपली घेऊन जागा गिळली असं माझ्या ऐकण्यात कधी आलं नव्हतं. डावीकडच्या बाईला टोपली दिली तर ती जागा राखलेली धरत नसत. हे असंच का, ते मला विचारू नका. आणि ठमाबाईच्या उजव्या हाताला जानकी होती.

हळदीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ठमाबाईने माल आवरला. टोपली झटकली. दोन पावलं चालून ती जानकीबाईच्या पुढ्यात ठेवली. मी गल्ल्यावरून बघत होते. जानकीबाई जवळा निवडत होती. तिने मान वर केली नाही. टोपली घेतली नाही आणि ढकललीही नाही. ठमाबाई टेम्पोच्या दिशेने निघून गेली.

ही बाई टोपली राखेल? जिने लेकाच्या लग्नात दुसऱ्या धवलारणीचे अडखळलेले धवले ऐकले, सोयऱ्यांची कुजबुज सोसली, ती? आणि समजा राखली, तरी ठाण्याच्या त्या माणसाला पालथ्या टोपलीचं काय? त्याला हिशेब हवा होता माणसांचा.

सकाळी मी लवकर दुकान उघडलं. कोपऱ्यावर पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

ठमाबाईच्या जागेवर जानकीबाई बसली होती. आमच्या पत्र्याच्या सावलीत, वळणाच्या तोंडावर, जिथून रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं गिऱ्हाईक दिसतं तिथे. पुढ्यात तिचे बोंबील, तिचा जवळा, ऐसपैस मांडलेला. आणि तिची स्वतःची जागा रिकामी. तिच्यावर ठमाबाईची टोपली पालथी.

मी पायरी उतरून गेले. "जानकीमावशी, लाज वाटते का काही? विश्वासाने दिलेली टोपली ती. कोपरा हवा होता तर भांडून घ्यायचा, असा घ्यायचा?"

ती माझ्याकडे बघत होती. तोंडाने फटकळ म्हणून प्रसिद्ध असलेली ती बाई हाताने जवळा सारखा करत राहिली. मी आणखी बोलले. काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या. शेवटी बाबांनी मला आत बोलावलं. "सुचेता, आधी आत ये," ते म्हणाले. "मोजणीवाले आले."

दोघं होते. एक तरुण, पांढऱ्या शर्टातला, हातात फळीला लावलेले कागद; दुसरा फीत धरणारा. खालून वर येत होते. प्रत्येक बाईपाशी थांबायचे, नाव, गाव, माल, जागेची लांबी. रेशनकार्ड ओटा घेताना दाखवा, आत्ता नको, असं सांगायचे. काम झपाट्याने चाललं होतं. ऊन चढत होतं. तिकडे राहनाळला आत्ता मांडवात ठमाबाई गायला बसली असेल, नवरीच्या अंगाला पहिली हळद लागत असेल, असं माझ्या मनात सारखं येत होतं.

ते कोपऱ्यावर आले.

"नाव?"

जानकीबाईने पदर कपाळावर ओढला. "ठमाबाई," ती म्हणाली. "ऱ्हानार खारबाव. बोंबील, जवळा, वाकट्या."

मी दारात उभी राहून ऐकत होते.

त्याने लिहून घेतलं. फीतवाल्याने जागा मोजली. मग तो शेजारच्या रिकाम्या जागेपाशी आला आणि पालथ्या टोपलीला बुटाच्या टोकाने जरासं हलवलं.

"ही कोणाची जागा?"

"जानकीबाईची. कोनच्या." जानकीबाईने हललेली टोपली सरळ केली. "हाय ती."

"कुठे आहे?"

"हाय. टोपली हाय ना तिची. मी राखतंय."

"अहो मावशी, टोपलीचं नाव लिहू का मी? माल कुठे आहे? माणूस कुठे आहे?"

"मी सांगतंय ना. शेजारीन सांगतेय. इथं कुनालाबी इचारा, ही जागा जानकीची."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिने रात्रभर विचार केला असणार. परका माणूस ठमाबाईची टोपली मोजेल की नाही याची तिला खात्री नव्हती, म्हणून राखायला दिलेल्या जागेवर तिने धडधाकट माणूस बसवलं, म्हणजे स्वतःला. आणि स्वतःच्या जागेसाठी बाजाराच्या रीतीवर भरवसा ठेवला. शेजारणीचा शब्द आजवर कुणी मोडला नव्हता, तर हा का मोडेल, असं तिला वाटलं. तिला खरंच वाटलं होतं. आमच्या बाजारातली कुठलीही बाई हीच चूक करती.

"जागा रिकामी," तो तरुण म्हणाला आणि कागदावर रेघ मारली.

मी धावत खाली उतरले. "अहो, ती जागा जानकीबाईंचीच आहे. मी इथली. समोर दुकान आहे आमचं. कितीतरी वर्षं बसतात त्या. आज येऊ शकल्या नाहीत."

"बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता," तो थकून म्हणाला. त्यालाही सकाळपासून हेच ऐकावं लागत होतं. "आज नाही ते नाही. मी एकीला सोडलं तर खालपासून सगळ्या उठतील." मग अचानक त्याने जानकीबाईकडे बोट केलं. "या ठमाबाईच ना? की इथेही काही भानगड आहे?"

मी जानकीबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती. मी खरं सांगितलं असतं तर खोटं नाव दिलं म्हणून तीही गेली असती आणि ठमाबाईही. मी खोटं सांगितलं तर जानकीचं स्वतःचं नाव माझ्या तोंडून पुसलं जाणार होतं.

"हो," मी म्हटलं. "ठमाबाईच."

ते पुढे गेले. मी तिच्यासमोर तिथेच मातीत बसले आणि मला रडू आलं. थोड्या वेळापूर्वी याच बाईला मी लाज काढून बोलले होते. "का केलंत असं?" मी विचारलं. "तुम्ही तर बोलतही नाही तिच्याशी."

"न्हायच बोलत," जानकीबाई फणकारली. "मैतरनीची टोपली असती तर चाललं असतं. गेली जागा, तर तिला सांगता आलं असतं, बाय, न्हाय जमलं. हिची जागा गेली असती तर लोक काय बोलले असते? जानकीनं सूड घेतला. ठेवली कशाला माझ्या पुढ्यात? मी मागितली होती?" आणि तिने जवळ्यावर बसलेल्या माश्या जोरजोराने हाकलायला सुरुवात केली.

लग्न उरकून ठमाबाई बाजारात आली तेव्हा तिला सगळं मीच सांगितलं. तिचा घसा बसला होता. ऐकता ऐकता ती खाली बसली. जानकीबाई परत आपल्या जागेवर गेली होती, पाठ वळवून. पंचक्रोशीतल्या नवऱ्या मुलींना रडवणारी ठमाबाई, आणि तिला हातभर अंतरावरच्या बाईला एक शब्द म्हणता येईना. तशीच उठून ती केसरीनाथांकडे गेली. त्यांनी खरंच खटपट केली. पण कागद ठाण्याला गेले होते आणि नियम सगळ्यांसमोर केलेला होता. "पुढल्या टप्प्यात बघू," असं उत्तर आलं. पुढल्या टप्प्याचा निधी कुणी पाहिला नव्हता.

काम सुरू झालं. सगळा पावसाळा रस्ता खणलेला, बायका नाल्याच्या कडेला कुठेतरी बसायच्या. पण दिवाळीच्या तोंडावर काम पुरं झालं, आणि मला मान्य करावं लागलं की रस्ता ओळखू येत नव्हता. गटार जमिनीखाली गेलं, फरशी बसली, खांबांवर पांढरे दिवे लागले. संध्याकाळी बायका मुलांना घेऊन पुन्हा हिंडायला लागल्या. मागावरून सुटलेले कामगारही रेंगाळायला लागले, "अरे, ये तो बंबई हो गया," म्हणू लागले. बाबांच्या दुकानात गिऱ्हाईक वाढलं. आमच्यापुढचा कोपरा ओट्याचा झाला आणि त्या ओट्यावर आकडा रंगवला गेला. ठमाबाईच्या नावचा ओटा.

ओटे ताब्यात दिले त्या सकाळी मी दारात उभी होते. नारळ फुटला, भाषण झालं, बायका आपापल्या ओट्यांवर चढल्या. ठमाबाईही चढली. तिने माल मांडला आणि खाली बघितलं.

जानकीबाई आली होती. कुणी बोलावलं नसताना, नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या जागी. तिथे आता फक्त फरशी होती, दोन ओट्यांच्या मधली येण्याजाण्याची वाट. तिने त्या फरशीवर गोणपाट अंथरलं आणि बसली.

"वर ये," ठमाबाई म्हणाली.

सगळ्या बायकांनी ऐकलं. अडीच वर्षांत पहिला शब्द होता. जानकीबाईने ऐकलं नाही, निदान तसं दाखवलं.

"जानके, वर ये गो. जागा हाय."

"दुसऱ्याच्या ओट्यावर बसायला मी भिकारीन न्हाय," जानकीबाई गोणपाटाकडे बघून म्हणाली.

तेवढ्यात खालच्या टोकाला नगरपालिकेची गाडी लागली. पहिलाच दिवस होता, वचक बसवायचा होता. मुकादम दोन माणसं घेऊन वर येत होता आणि वाटेत फरशीवर ठेवलेल्या टोपल्या उचलून गाडीत टाकत होता. एका म्हातारीच्या भाजीच्या जुड्या फरशीवर सांडल्या. मी ओरडले, "जानकीमावशी, उठा! आमच्या दुकानात ठेवा माल." ती हलली नाही. तो हट्ट मला माहीत होता, दोघींचा एकसारखाच होता.

ठमाबाई ओट्यावरून उतरली. तिने आपले बोंबील, जवळा, सगळा माल उचलला आणि खाली फरशीवर जानकीच्या मालाला लागून ठेवला. मग तिच्या शेजारी मांडी घालून बसली. रिकामा ओटा दोघींच्या डोक्यावर.

"अगं, येडी हायस का?" जानकीबाई किंचाळली. "चढ वर! तुझाबी माल नेतील!"

"नेऊ दे."

"तुझा ओटा हाय गो! काढून घेतील!"

"घेऊ दे. मी हौसाची सून हाय, खाली बसूनच धंदा शिकली. मी ओट्यावर आनि तू मातीत, असं मना दिसत न्हाय. माझ्यानं बघवत न्हाय, जानके." ठमाबाईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

मुकादम समोर येऊन उभा राहिला. त्याने एकदा रिकाम्या ओट्याकडे पाहिलं, एकदा फरशीवरच्या दोघींकडे. "काय चाललंय? ओटा दिलाय ना? उचला रे हे," तो माणसांना म्हणाला. एकाने वाकून ठमाबाईची टोपली धरली.

जानकीबाई उठली. तिने त्या माणसाच्या हातातून टोपली हिसकली आणि ओट्यावर आपटली. मग आपली टोपली उचलून तिच्या शेजारी आपटली. मग स्वतः, जाडजूड देह सावरत, शिव्या देत, गुडघा टेकून ओट्यावर चढली.

"मावशी, ओटा एकीच्या नावाचा आहे," मुकादम म्हणाला.

"नाव तिचंच हाय. मी कंदी बोलली माझं?"

"मग तुम्ही का चढलात?"

"मी न्हाय चढली तर ही येडी खाली बसून मरेल. तू भरून देशील का?"

मुकादमाने आमच्याकडे बघितलं. बाबा दारात उभे होते, नाकाला रुमाल न लावता. मुकादमाला अजून सगळा रस्ता करायचा होता. तो पुढे गेला.

ठमाबाई वर चढली. ओटा एकीपुरताच बांधलेला होता. दोघी अवघडून बसल्या, खांद्याला खांदा लागत होता, माल एकमेकींच्या मालात मिसळत होता. जानकीबाईने कोपराने शेजारणीला एक ढुशी दिली.

"सरक की गो थोडी," ती म्हणाली.

ठमाबाई सरकली.